दोन इंचांचा घोळ

१ सप्टेंबर

आज लोकरवाल्यांनी एकदाचा होकार दिला. थंडीच्या मोसमात त्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत, पुतळ्याच्या अंगात, माझ्या नमुन्याचा स्वेटर असणार. खाली खोकी रचलेली. प्रत्येक खोक्यात लोकर आणि माझा छापील नमुना. अट एकच, ऑक्टोबर संपायच्या आत स्वेटर त्यांच्या हातात पडला पाहिजे.

घरी येऊन सांगितलं. नवरा म्हणाला, "छान झालं. किती स्वेटर विणायचेत?"

विमा कंपनीतली नोकरी सोडून मी हा उद्योग सुरू केल्याला वर्ष होत आलं, तरी हा प्रश्न. मी पुन्हा एकदा शांतपणे समजावलं की मी स्वेटर विकत नाही. स्वेटर कसा विणायचा ते विकते. किती टाके घालायचे, कुठे घटवायचे, गळा कधी सुरू करायचा. लोक तो कागद विकत घेतात आणि आपापल्या घरी बसून विणतात.

"म्हणजे हात त्यांचे दुखणार," तो म्हणाला.

"आणि डोकं माझं."

"आणि नमुना चुकला तर?"

"माझा नमुना चुकत नाही."

तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. 'चुकत नाही' या शब्दांवर त्याचा विश्वास नाही. पण पुढे काही बोलला नाही, कारण आमचं ठरलंय. वर्षभरात जम बसला तर बसला, नाहीतर मी परत कचेरीत. हे मीच ठरवलं होतं, त्यामुळे आता मोडताही येत नाही.

४ सप्टेंबर

नमुन्याचं नाव ठेवलं, 'निवांत'. साठी उलटलेल्या पुरुषांसाठी, पुढून बटणांचा. बाजारातले सगळे नमुने तरण्याताठ्या पोरांसाठी असतात. ज्यांचे खांदे उतरलेत आणि ज्यांना खरी थंडी वाजते, त्यांचा कोणी विचारच करत नाही.

माप घ्यायला असा एक माणूस घरात अनायासे आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे. जन्मभर शाळेत कवायत शिकवली. त्यांची शिट्टी तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू यायची, असं नवरा सांगतो. सासूबाई गेल्यापासून मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघतात. रंगकाम संपून वर्ष झालं.

"बाबा, जरा उभे राहता? स्वेटरसाठी माप घ्यायचंय."

"मला आहे की स्वेटर."

"हा दुकानात पुतळ्याला घालायचाय."

"मग पुतळ्याचं घे की माप."

तरी उठले बिचारे. छाती अडतीस इंच. दोनदा मोजली, दोन्ही वेळा अडतीस. माप देऊन झाल्यावर पुन्हा खुर्चीत. मोजताना त्यांनी हात वर करताच सुटल्यासारखा एक सुस्कारा सोडला. कंटाळले असावेत.

११ सप्टेंबर

नमुना लिहून झाला. आता चाचणी. छापायच्या आधी तो कोणी तरी परक्या माणसाने नुसता वाचून विणून बघावा लागतो. आपल्याला आपल्या चुका दिसत नाहीत, म्हणजे इतर नमुनाकारांना त्यांच्या दिसत नाहीत. लोकरवाल्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली होती, ती वाचून आज एक बाई आल्या. निवृत्त नर्स. मागच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही म्हटलं.

सिस्टरांनी नमुना रुग्णाच्या तक्त्यासारखा वरपासून खालपर्यंत वाचला आणि लाल पेन काढलं.

"इथे लिहिलंय, 'साधारण हातभर विणा'. साधारण म्हणजे किती? आणि हात कोणाचा?"

मला ते लागलं. पण आकडा घातला.

एवढ्यात बाबा पाणी प्यायला बाहेर आले. सिस्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "खांदे सरळ करा हो. असं वाकून उभं राहिलं की श्वास अर्धाच आत जातो."

बाबा जागच्या जागी ताठ झाले. "मी पोरांना जन्मभर हेच सांगत आलो," ते म्हणाले.

"मग स्वतःला सांगायचं राहिलं वाटतं."

यावर बाबा हसले. मग श्वास कसा घ्यावा या विषयावर दोघं इतका वेळ बोलत बसले की माझं मुंढ्याबद्दल विचारायचंच राहून गेलं. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ती जागा. सगळं यश तिच्यावर असतं. पण लोकांना वेळेची किंमत नसते.

१९ सप्टेंबर

सिस्टरांचा फोन. पाठीचा भाग विणून झाला, पण अंगावर लावून बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणाल्या. "ज्यांचं माप आहे त्यांना पाठवा." तिथली जुनी लिफ्ट भरवशाची नाही, म्हणजे बाबांना चार जिने चढवायचे, हे माझ्या जिवावर आलं होतं. पण मी विचारायच्या आत ते चपला घालून दारात.

परत आले तेव्हा हातात सिस्टरांची चिठ्ठी. 'छाती चाळीस. तुमचं माप चुकलं आहे.'

मी लगेच टेप काढली. बाबा नुकतेच खुर्चीत टेकले होते, त्यांना पुन्हा उभं केलं. अडतीस.

फोन केला. त्या म्हणाल्या, चाळीस. मी म्हटलं, अडतीस. त्या म्हणाल्या, मी आयुष्यभर माणसंच मोजली आहेत. मी म्हटलं, मीही काही लाकूड मोजत नव्हते.

विचार केला. कापडी टेप वापरून वापरून लांबते आणि लांबलेल्या टेपवर माप कमी दिसतं. म्हणजे घोळ माझ्या टेपचा. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी आणून टेप ताडून बघितली, तर माझी टेप बिनचूक. मग त्यांची आटली असणार. आमची कन्या कॉलेजात जाते आणि तिला प्रत्येक गोष्टीत मत असतं. ती म्हणाली, "आई, दोन्ही टेपा बरोबर असतील."

गणित तिचं पहिल्यापासून जरा कच्चंच आहे.

२१ सप्टेंबर

सिस्टरांसाठी नवी कोरी टेप घेतली. बाबाच देऊन आले. नव्या टेपवर माप सव्वाचाळीस.

"टेप चांगली आहे," बाबा म्हणाले.

२८ सप्टेंबर

उलगडा झाला. बाबा सकाळी गच्चीवर जाऊन कवायत करतात. आज कपडे वाळत घालायला गेले तर हात वर, हात खाली, एक दोन, एक दोन चाललेलं. नमुन्याच्या ऐन मध्यावर छाती वाढत असेल तर माप जुळणार कसं?

मी त्यांना नीट सांगितलं की स्वेटर होईपर्यंत व्यायाम बंद ठेवावा.

"प्रयत्न करतो," ते म्हणाले.

त्यांनी केसही कापून घेतलेत. गळ्याचं माप घेताना ते बरंच. बुटांना पॉलिश मारलंय, त्याचा नमुन्याशी काही संबंध नाही.

मुलगी म्हणाली, "आजोबांनी आज अत्तर लावलंय."

खरंच लावलं होतं. लोकरीला वास बसतो आणि लवकर जात नाही. तेही सांगावं लागणार. मॉडेल सांभाळणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, कोणी बोलत नाही एवढंच.

२ ऑक्टोबर

सिस्टर म्हणतात मुंढा काचतोय. मी घटवलेले टाके पुन्हा मोजले, मला काही चूक दिसली नाही. पण अंगावर बघणारी व्यक्ती सांगते तर बदलायला हवं. बदलला. बाबा नवा कागद घेऊन गेले आणि ट्रायल देऊन संध्याकाळी परत आले. ट्रायलला इतका वेळ का लागतो, विचारलं. "नीट बघतात त्या," म्हणाले.

६ ऑक्टोबर

आता बाही लांब होतेय म्हणे. कमी केली.

७ ऑक्टोबर

आता आखूड होतेय.

१० ऑक्टोबर

आज भलतंच पाहिलं.

भाजी घेऊन मागच्या गल्लीतून येत होते. सहज वर बघितलं तर सिस्टरांच्या गॅलरीत दोरीवर लोकरीच्या लड्या वाळत घातलेल्या. आमच्या 'निवांत'चाच रंग, ओल्या मातीसारखा. आणि ती लोकर सरळ नव्हती. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या केसांसारखी वळणावळणाची होती. लोकर अशी वळणदार कधी होते? विणून उसवली तर. मग ती धुऊन, टांगून सरळ करावी लागते.

पण एवढी? ही काही एका चुकलेल्या बाहीची लोकर नव्हती, अख्ख्या पुढच्या भागाची होती. उसवलं असतं तर मला सांगितलं नसतं का?

अर्थ एकच. त्या माझ्या नमुन्यावरून विणतात, कोणाला तरी दाखवतात आणि उसवतात. कोणी तरी दुसरा नमुनाकार माझा स्वेटर माझ्याआधी बाजारात आणणार आहे. म्हणून ही रोजची खुसपटं. मला गुंतवून ठेवायचं आणि तोवर तिकडे छपाई.

एवढ्या साध्या दिसणाऱ्या बाई.

११ ऑक्टोबर

नवऱ्याला संशय सांगितला. तो म्हणाला, "साठीच्या म्हाताऱ्याचा स्वेटर कोण चोरेल?" हे आमचं प्रोत्साहन.

मग बाबांना विश्वासात घेतलं. ते तिथे जातातच, तेव्हा त्यांना कोणी हरकत घेणार नाही. दार लावलं आणि म्हटलं, "बाबा, तुम्हाला सिस्टरांवर लक्ष ठेवायचंय. त्यांच्याकडे कोण येतं, कोणाचे फोन येतात, स्वेटर किती झालाय. त्यांना संशय येता कामा नये."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, सरळ माणूस आहे, नाही म्हणेल.

"रोज जावं लागेल," ते म्हणाले.

"जा ना. घरासाठी एवढं कराच."

"करतो," ते म्हणाले आणि तोंड वळवून खोकले. गहिवरले असावेत.

मुलगी दाराबाहेरच उभी होती. म्हणाली, "आई, तुला खरंच काही कळत नाही?"

"कळतंय म्हणून तर त्यांना पाठवतेय," मी म्हटलं.

१५ ऑक्टोबर

बाबांचा अहवाल: संशयास्पद काही आढळलं नाही. कोणी येत नाही. फोन फक्त दूधवाल्याचा. सिस्टरांना सूप उत्तम जमतं. तपास सुरू ठेवावा लागेल.

१७ ऑक्टोबर

आज मन फार खचलंय.

चोरी वगैरे काही नसेल, तर मग दुसरी शक्यता उरते. चूक माझीच आहे. नमुना सात वेळा बदलून झाला. मुंढा काचतो, बाही लांबते, बाही आखडते, गळा उभा राहतो. मी टेबलावर सगळे कागद पसरून बसले आणि एका बेरजेवर तीनदा गेले तर तीन उत्तरं आली. विमा कंपनीत लोक माझ्याकडे आकडे तपासायला आणायचे. आणि आता मला एका म्हाताऱ्या माणसाची बाही मोजता येत नाही.

लोकरवाल्यांचा फोन आला होता. पुतळा रिकामा आहे, काचेत दुसरं काही लावू का, विचारत होते. थोडे दिवस थांबा म्हटलं. "थांबतो, पण थंडी थांबत नाही हो," ते म्हणाले. बोलणं चुकीचं नव्हतं.

मग मी जुन्या साहेबांना फोन केला. जागा आहे का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, तुमच्यासाठी आहे. फोन ठेवला तेव्हा मागे बाबा उभे होते. बाहेर निघाले होते, पण गेले नाहीत. खुर्चीत जाऊन बसले आणि समोरची इमारत बघत राहिले.

१९ ऑक्टोबर

आज मी न कळवता सिस्टरांकडे गेले. काय असेल ते डोळ्यांनी बघायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलाशी बाबा उभे, अंगात 'निवांत'. पुरा. बटणं लावलेली, गळा बसलेला, खांद्यावर एक सुरकुती नाही. डावा हात समोर सरळ धरलेला, आणि सिस्टर त्या हाताच्या काठाचा धागा ओढून बाही अंगावरच उसवत होत्या. बाबा उजव्या हाताने लोकरीचा गुंडा करू पाहत होते. एका हाताने ते जमत नव्हतं आणि त्याचंच दोघांना हसू येत होतं.

मला बघून हसणं थांबलं.

"हा तयार झाला होता?" मी विचारलं.

सिस्टरांनी धागा सोडला. "झाला होता. मागेही एकदा झाला होता."

"बाही लांब होते म्हणालात."

"नव्हती होत."

"आणि मुंढा?"

"मुंढा उत्तम आहे. इतका नीट बसलेला मुंढा मी आजवर पाहिलेला नाही."

"म्हणजे माझा नमुना…"

"पहिल्या कागदापासून बरोबर आहे. ते 'साधारण' तेवढं काढलंत ते बरं केलंत."

मी खुर्चीवर बसले. डोळ्यांत पाणीच आलं.

"अगं, मी तुला उद्या सांगणारच होतो," बाबा म्हणाले.

"बाबा, ऐकलंत ना? मुंढा उत्तम आहे म्हणाल्या."

सिस्टरांकडून मी ते कागदावर लिहून घेतलं. त्यांनी सही केली. चहा झाला. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी जवळजवळ गाणं म्हणत उतरले. दुसऱ्या मजल्यावर मनात आलं, सगळंच बरोबर होतं तर उसवत कशाला होत्या? तिथे थांबले. मग एकेक करून कटिंग आठवली, पॉलिश आठवलं, अत्तर आठवलं. सूप आठवलं. आणि मी स्वतः, दार लावून, घरासाठी एवढं कराच म्हणाले होते ते आठवलं. पहिल्या मजल्यावर पायरीवर बसावं लागलं.

मग उठून पुन्हा तीन मजले चढले.

सिस्टरांनी दार उघडलं. "या. तुम्ही दुसऱ्याच मजल्यावरून परताल असं वाटलं होतं."

बाबा अजून त्याच जागी, एक बाही अर्धी, तसेच. म्हणाले, "स्वेटर पुरा झाला की इथे यायचं कारण संपतं. दुसरं कारण सुचत नव्हतं. या वयात कारणं सुचत नाहीत पटकन."

"मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं की त्याला कळणार." त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "त्याला वाटेल, बाप आपल्या आईची जागा दुसऱ्या कोणाला देतोय."

"मी कोणाच्या जागेवर बसायला येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या घरी माझ्या खुर्च्या आहेत. त्यातली एक रिकामी आहे, एवढंच यांना सांगितलं."

इथवर मला रागच आला नव्हता. आता आला. म्हटलं, "आणि मी? मला वाटलं मला बेरीज येईनाशी झाली. मी साहेबांना फोन केला, बाबा. तुम्ही मागे उभे होतात."

बाबांचे खांदे खाली आले. माझ्यासमोर त्यांची छाती अडतीस झाली, टेप लावायची गरज नव्हती. मला ते बघवेना.

"ते मात्र चुकलं," ते म्हणाले. "म्हणूनच आज यांना म्हटलं, ही शेवटची बाही. उद्या सांगू."

"उसवायचं माझं डोकं होतं, त्यांचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं काम अडलं, ही माझी चूक. बाही आज संध्याकाळपर्यंत विणून देते."

दिलीही. मी तिथेच बसून राहिले. आता कोणाचा भरवसा नाही.

२० ऑक्टोबर

बाबांनी जेवताना सांगितलं. उठून उभे राहिले आणि कवायतीत हुकूम देतात तसं, पण हळू आवाजात म्हणाले, "मी आणि सिस्टर एकत्र राहायचं म्हणतोय. नोंदणी कचेरीत जाऊन रीतसर सह्या करू. पुढच्या महिन्यात."

नवरा म्हणाला, "बरं." जेवण संपवलं, ताट धुतलं आणि घरातल्या यच्चयावत दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आता आमच्याकडे रागाने दार आपटलं तरी आवाज येत नाही. त्याची त्यालाच अडचण झालीय.

नंतर मला म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"नाही."

"रोज तूच पाठवत होतीस त्यांना."

"हेरगिरीला पाठवत होते."

तो उठला. मग पुन्हा तेलाची बाटली घेऊन गेला.

२६ ऑक्टोबर

'निवांत' काचेत लागला. पुतळ्याला डोकं नाही, पण बाबांसारखाच दिसतो. मी समोरच्या फुटपाथवरून बघत उभी राहिले. एक बाई थांबल्या, आत गेल्या आणि खोकं घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागे धावत जाऊन मुंढ्याबद्दल सांगावंसं वाटलं, पण आवरलं.

घरी मात्र शांतता. नवरा बाबांशी वाईट बोलत नाही. बोलतच नाही. मीठ हवं असलं तरी मुलीला सांगतो, आणि मीठ बाबांच्या हाताशी असतं.

३ नोव्हेंबर

पहिली खोकी संपली. लोकरवाल्यांनी आणखी मागवली आहेत आणि बायकांसाठीही असाच नमुना करा म्हणाले. साहेबांना फोन करून जागा नको म्हणून सांगितलं. नवऱ्याला हे कळवलं तर त्याने मान हलवली. पण संध्याकाळी, 'निवांत' कितव्या क्रमांकाच्या सुयांवर विणतात हे त्याने शेजाऱ्याला बरोबर सांगितलेलं मी जिन्यात ऐकलं.

एका गिऱ्हाइकाचं पत्र आलंय. स्वेटर सांगितल्याप्रमाणेच विणला, पण नवऱ्याच्या अंगात छातीला दोन इंच सैल होतो, काय करावं? मी उत्तर लिहिलं: त्यांना जरा बाहेर हिंडून यायला सांगा.

२९ नोव्हेंबर

आज बाबांचं सामान हलवलं. सामान कसलं, एक ट्रंक, दोन पिशव्या आणि खिडकीजवळची खुर्ची. सह्या काल झाल्या. नवरा आला, उभा राहिला, सही करायची तिथे केली आणि कामावर गेला. आज सुट्टी होती तरी त्याला घरी महत्त्वाचं काम निघालं. तेल घालायला एकही दार उरलं नाही, तरी.

ट्रंक आधीच पोचली होती. सिस्टरांच्या इमारतीत पिशव्या घेऊन मी आणि मुलगी जिन्याने निघालो. बाबा, सिस्टर आणि खुर्ची लिफ्टने. लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो तोच ती खालून आली आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये थांबली. वरून सिस्टरांचा आवाज आला, अगदी वॉर्डातला. "आम्ही दोघं आणि खुर्ची. कोणाला काही झालेलं नाही. घाई करू नका."

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "कोण आहे आत?" सांगितलं. फोन कट झाला. तो इतक्या लवकर आला की त्याच्या एका पायात त्याची चप्पल होती आणि एका पायात माझी.

त्याने वर बघितलं. लिफ्टचा तळ त्याच्या छातीएवढ्या उंचीवर होता, त्यामुळे जाळीतून दोघांचे नुसते पाय दिसत होते. इतक्या दिवसांत तो बाबांशी पहिलं वाक्य बोलला. "बाबा, जाळीला हात लावू नका."

"लावलेला नाही," बाबांचे बूट म्हणाले.

"खुर्ची जाळीपासून मागे घ्या."

"घेतली."

"आता बसा तिच्यावर."

"सिस्टर बसल्यात."

नवऱ्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "बरं. मग तुम्ही भिंतीला टेका."

हत्यारांची पिशवी उघडली, पण काही काढलं नाही. जिन्याच्या पायरीवर बसला. मला वाटलं विचार करतोय.

"आईला लिफ्टची भीती वाटायची," तो म्हणाला.

"फार," बाबा म्हणाले. "तू हे काम शिकायला गेलास तेव्हा आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. मी जाऊ दिलं म्हणून."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तिनेच सांगू नको म्हटलं. मुलगा मनात भीती घेऊन खाली-वर करील म्हणाली. पण तू घरी येईपर्यंत खिडकीतून हलायची नाही. त्या खुर्चीत बसून वाट बघायची."

सिस्टर उठल्याचा आवाज आला. "ही त्यांची खुर्ची होय? मग मी उभी राहते."

"नाही, नाही, तुम्ही बसा," नवरा म्हणाला. "बसा. लिफ्टमध्ये उभं राहून चक्कर येते."

मग ते बोलत राहिले. सासूबाईंबद्दल, शाळेबद्दल, शिट्टी हरवली होती त्या दिवसाबद्दल. मध्येच सिस्टर काही तरी म्हणाल्या आणि नवरा मोठ्याने हसला. पिशव्या धरून माझे हात भरून आले. मी दोनदा विचारलं, "अरे, दुरुस्तीचं काय?" तर म्हणाला, मोटर तापलीय, थंड झाल्याशिवाय हात लावता येत नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला आणि म्हणाला, "बाबा, आतली जाळी आता पूर्ण ओढून घ्या." त्यांनी ओढली आणि लिफ्ट सुरू झाली. अगदी वेळेवर थंड झाली म्हणायची.

वर सिस्टरांनी चहा केला. नवऱ्याने खुर्ची खिडकीशी लावून दिली, जरा तिरपी, गल्लीचं तोंड दिसेल अशी. निघताना म्हणाला, या लिफ्टचा भरवसा नाही, दर रविवारी येऊन बघावी लागेल. सिस्टर म्हणाल्या, रविवारी सूप असतं.

मी त्याला वाटेत म्हटलं, तू दर रविवारी कुठे खपत बसणार, दुसरा चांगला कारागीर लावून एकदाच काय ते नीट करून घ्यायला सांग.

तो हसून पुढे चालायला लागला. मुलगी मात्र थांबून माझ्याकडे बघतच राहिली. हल्ली तिला काय होतं कळत नाही.